दीडच्या बसआधीचं कॉलेज

आमच्या कॉलेजात सकाळचे तास सव्वाला सुटतात आणि दीडला बसथांब्यावर पाय ठेवायला जागा नसते. वाळपईकडची मुलं, साखळी-डिचोलीची, माशेल-बाणस्तारीची, शिरोड्याची, धारबांदोडा-मोल्याची, बोरीच्या पुलापलीकडची, सगळी आपापल्या गाडीकडे धावत असतात. वीस मिनिटांत आवार ओस पडतं. मागे राहतात ती गोव्यातल्या फोंडा शहरातली किंवा स्वतःची स्कूटर असलेली मुलं. आमचं विद्यार्थी मंडळ वर्षानुवर्षं या मागे राहणाऱ्या मुलांचं होतं. ही गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. आल्यावर मंडळाची घडी नव्याने कशी बसवली, त्यात काय फसलं आणि काय टिकलं, ते इथे सविस्तर लिहितो. मी त्या काळात मंडळाचा प्रभारी शिक्षक होतो. कॉलेजचं नाव देत नाही, कारण फोंडा परिसरात अशी कॉलेजं एकाहून जास्त आहेत आणि दोष कोणा एकाचा नव्हता.

सुरुवात एका स्नेहसंमेलनापासून झाली. मुलांनी महिनाभर घाम गाळला होता. रंगमंच देखणा होता, ध्वनी-प्रकाशावर मंडळाच्या निधीचा मोठा वाटा खर्च झाला होता आणि दुपारी तीनला पडदा उघडला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जीएस, म्हणजे मंडळाचा सरचिटणीस, रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये नेहमीचा निष्कर्ष निघाला, की आजच्या मुलांना मोबाईलशिवाय कशातच रस नाही. मीही मान डोलावली असेन. त्याच आठवड्यात वाळपईकडच्या सत्तरी तालुक्यातून येणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्टची सही घ्यायला आली. तिला सहज विचारलं, काल का नव्हतीस? ती म्हणाली, "सर, तीन वर्षांत मी एकही कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला नाही. सुरू होतो तेव्हा माझी बस जाते. नंतरची मिळाली तर वाळपईला उतरून गावात जायला पुढची गाडी नसते." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. ती शाळेत असताना गावच्या देवळातल्या नाटकात काम करायची, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या सांस्कृतिक विभागाला ते कधीच कळलं नव्हतं.

तेव्हा मंडळाची रचना गोव्यातल्या बहुतेक कॉलेजांसारखीच होती: जीएस, सांस्कृतिक सचिव, क्रीडा सचिव, मुलींची प्रतिनिधी म्हणजे एलआर, विद्यापीठाच्या मंडळाशी जोडलेला यूएफआर आणि प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे सीआर. कागदावर ही रचना चांगलीच आहे. प्रत्येक विद्यार्थी कुठल्या तरी वर्गात असतो, वर्गाला सीआर असतो आणि सीआर मंडळात बसतो. पण हा जिना ज्या पायरीवर उभा होता ती 'वर्ग' नावाची पायरीच आमच्याकडे निखळत चालली होती.

२०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. पूर्वी एफवायबीएचा, म्हणजे बीएच्या पहिल्या वर्षाचा, वर्ग म्हटला की तीच साठ-सत्तर डोकी तीन वर्षं एकत्र असायची, एकाच बाकावर भांडायची आणि एकाच बाकावर समेट करायची. आता मुख्य विषय (मेजर) एकीकडे, जोडविषय (मायनर) दुसरीकडे, बहुविद्याशाखीय विषय तिसऱ्या खोलीत आणि कौशल्याचा पेपर चौथ्या. मुलांना विषयांची मोकळीक मिळाली आणि ती हवीच होती. पण दर तासाला शेजारी नवा चेहरा येऊ लागला. सीआरला विचारलं, "तुझ्या वर्गात किती मुलं?" तर तो गोंधळायचा, कारण त्याचा वर्ग हजेरीपटावर होता, खोलीत नव्हता. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर का सोडतात यावर १९७५ पासून काम केलं. त्यांचं एक म्हणणं असं, की घरून ये-जा करणाऱ्या मुलांची कॉलेजशी नाळ जुळते ती मुख्यतः वर्गातच, कारण त्यापलीकडे त्यांना तिथे थांबायला वेळ नसतो. आमच्याकडे ये-जा करणारी मुलंच बहुसंख्य, आणि त्यांचा वर्गच विखुरलेला.

त्याआधी करोनाने आणखी एक नुकसान करून ठेवलं होतं, ते आम्ही कधी हिशेबातच धरलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. पदवी तीन वर्षांची, त्यामुळे कार्यक्रम कसा उभा करायचा हे हातांनी शिकलेली शेवटची पिढी मैदानावर पाऊल न ठेवताच बाहेर पडली. मांडव कोणाकडून घ्यायचा, पोलिसांची परवानगी कुठे मागायची, रुसलेल्या नाटकवाल्यांची समजूत कशी घालायची, हे कुठल्याच फाईलमध्ये नसतं. ते ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे जातं. ती साखळी तुटली आणि पुढच्यांनी सगळं इव्हेंटवाल्याकडे सोपवलं. पैसा जास्त लागू लागला आणि मुलांचे हात कमी.

निवडणुकीचा प्रश्न वेगळा होता. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, पूर्ण प्रक्रिया दहा दिवसांत, उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, हाताने केलेलं चालेल, राजकीय पक्षांचा पैसा नाही. या अटी योग्य आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण आमच्याकडे त्यांचा अर्थ असा व्हायचा, की पावसाळ्यात दाखल झालेला पहिल्या वर्षाचा मुलगा चार नावंही पाठ व्हायच्या आत मतपत्रिका हातात घ्यायचा. मग तो ज्याचं नाव ऐकलं त्याला मत देणार. नाव ऐकू यायचं ते दुपारनंतर थांबू शकणाऱ्याचं, पॅनल बांधू शकणाऱ्याचं, ज्याच्या मागे कोणी तरी उभं आहे त्याचं.

पहिला उपाय आम्ही चुकीचा केला. एक 'मैत्री सप्ताह' ठरवला, टी-शर्ट छापले, खेळ ठेवले. तोही दुपारी दोनला. जी मुलं नेहमी असायची तीच आली, फक्त एका रंगाच्या शर्टात. मला त्या आठवड्याची अजून चुटपुट लागते, कारण सत्तरीतल्या मुलीने कारण स्वच्छ सांगितल्यानंतरची ही चूक होती.

मग एलआरने एक साधी गोष्ट सुचवली. मंडळातल्या प्रत्येकाने दोन आठवडे रोज वेगळ्या बसने जायचं आणि यायचं. भाषण नाही, सर्वेक्षणाचा फॉर्म नाही, नुसतं बसायचं. मीही मोल्याच्या आणि वाळपईच्या गाडीने गेलो. जे दिसलं त्याने माझी समजूत पालटली. आम्ही ज्या आपलेपणासाठी धडपडत होतो तो गाडीत आधीच होता. कॉमर्सची तिसऱ्या वर्षाची मुलगी सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलीची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. उसगावला चढणाऱ्यांसाठी मागची जागा धरलेली असायची. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या वडिलांचा ट्रक खाणी थांबल्यापासून उभा आहे, कोणाची आयएसए, म्हणजे सत्रातली अंतर्गत चाचणी, राहिली, सगळं सगळ्यांना ठाऊक. कंडक्टर मुलांना नावाने हाक मारत होता. हीच मुलं कॉलेजच्या फाटकातून आत शिरली की एकमेकांपासून पांगायची, कारण आत त्यांना एकत्र बांधणारं काहीच नव्हतं.

गोव्यात हे नवल वाटायला नको होतं. आपल्याकडच्या विद्यार्थी चळवळीचा एक मोठा लढा बसच्या तिकिटासाठीच झाला. १९७९ मध्ये पन्नास टक्के सवलतीसाठी गोव्याचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेव्हा प्रवास खासगी गाड्यांच्या हातात होता. सरकारी कदंब परिवहन महामंडळ आलं ते १९८० मध्ये. त्या पिढीतले लोक आजही भेटले की कुठल्या स्टँडवर कोण उभं होतं ते सांगतात. कुठली शाखा, कुठलं वर्ष, हे मागाहून येतं. बस हा गोव्यातल्या विद्यार्थ्याचा पहिला समाज आहे आणि आम्ही मंडळ बांधताना तोच वगळला होता.

नवी रचना यातून आली. निवडून येणारी पदं तशीच ठेवली. ती बदलायचा अधिकार आमचा नव्हता आणि निवडणूक काढून नेमणूक करणं हे मला स्वतःला मान्य नव्हतं. त्यांच्या जोडीला मार्ग प्रतिनिधी आणले. प्रत्येक बसमार्गाचे दोघे, त्यांतली एक मुलगी असलीच पाहिजे. मत टाकून नाही, तर त्या मार्गाच्या मुलांनी एकत्र बसून ठरवायचं. प्राचार्यांनी रास्त हरकत घेतली, की मंडळाच्या नियमावलीत असं पद नाही. तोडगा असा निघाला, की मार्ग प्रतिनिधी हा सल्लागार गट असेल, पण त्या गटासमोर मांडल्याशिवाय कुठल्याही खर्चाला मंजुरी मिळणार नाही. हे कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैशाशी संबंध नसलेलं पद मुलं दोन महिन्यांत विसरतात.

आणि एक मोकळा तास. बुधवारी सव्वाअकरा ते सव्वाबारा कॉलेजात तास नाही, प्रात्यक्षिक नाही, मीटिंग नाही. सांगायला दोन ओळी, करायला सगळ्यात कठीण. मेजर-मायनरच्या गुंत्यात वेळापत्रक आधीच घट्ट विणलेलं होतं. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक मध्येच तोडता येत नाही, एक खोली हलवली तर तीन हलतात. वेळापत्रक समितीतल्या मॅडमनी संध्याकाळी थांबून पुन्हा पुन्हा आराखडे केले. या प्रकरणात कोणाचे आभार मानायचे तर आधी त्यांचे. त्या तासाबरोबर एक नियमही झाला: दीडनंतर ठेवलेल्या कार्यक्रमाला हजेरी सक्तीची नाही, आणि जो सगळ्यांसाठी आहे असं आपण म्हणतो तो दीडनंतर ठेवायचाच नाही.

जिमखान्यामागे मोडक्या बाकांची कोठी होती, ती रिकामी करून मुलांना दिली. किल्ली मुलांकडे. कँटीनमधून बन्स आणि चहा नेऊन तिथे बसायची मुभा. याहून जास्त त्या खोलीबद्दल सांगण्यासारखं नाही, पण पावसाळ्यात छत्री निथळत ठेवायला आणि दहा मिनिटं टेकायला जागा मिळाली, याचं मोल त्या मुलांना विचारावं.

पहिल्या वर्षी दोन गोष्टी अंगाशी आल्या. एक, आम्ही उत्साहाने मार्गांमार्गांत क्रिकेटचे सामने ठेवले. दुसऱ्याच आठवड्यात वाळपई विरुद्ध डिचोली असं काही पेटलं, की जुन्या गावकी-मंडळांची भांडणं कॉलेजात आली. जो जिव्हाळा आतल्यांना जवळ आणतो तोच बाहेरच्यांना दूर लोटू शकतो, हे आम्ही लक्षात घेतलं नव्हतं. सामने थांबवले. तेव्हापासून पद्धत अशी, की कुठलंही काम एका मार्गाला एकट्याला द्यायचं नाही, दोघांनी मिळून करायचं, आणि जोड्या दर वेळी बदलायच्या. शिरोडा आणि मोले मिळून रक्तदान शिबिर, माशेल आणि वाळपई मिळून फ्रेशर्स. बसमध्ये न भेटणारी मुलं इथे भेटू लागली.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागली. फोंड्यात चालत येणाऱ्या मुलांपैकी एकाने सभेत उभं राहून विचारलं, "सर, आमची बस कुठची?" त्या मुलांत शहरातली सुखवस्तू घरं होती, तशीच भाड्याच्या खोल्यांतली, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी, शाळेपासून इथेच वाढलेली मुलंही होती. आधीच्या रचनेत त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि नव्या रचनेतही आम्ही त्यांना विसरलो होतो. त्यांचा 'चालणारे' असा गट झाला. नाव त्यांनीच ठेवलं. आज कोठीची किल्ली बहुतेक वेळा याच गटाकडे असते, कारण ते सकाळी सगळ्यांत आधी पोचतात.

सूचनाफलकाचा विषय तसा छोटा, पण गोव्यात भाषेचा कुठलाही विषय छोटा राहत नाही. सूचना इंग्रजीत लागायच्या, तोंडी कोकणीत सांगितल्या जायच्या आणि सत्तरी-पेडण्याकडची बरीच मुलं सवयीने मराठीत लिहायची. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही त्यात जागा राहिली, पण फलकावरचा वाद कायद्याने मिटत नसतो. कोणती भाषा वर, कोणती खाली, यावर एक पूर्ण बैठक गेली. शेवटी ठरलं ते असं: जो मार्ग ती सूचना काढेल तो त्याला सोयीच्या भाषेत लिहील आणि दुसरा मार्ग तीच सूचना दुसऱ्या भाषेत लिहील. रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, लिहिणाऱ्यांनी रोमीत लिहिलं. फलक गिचमिड दिसतो, पण मुलं आता त्याच्यासमोर थांबतात, कारण तो कोणाच्या तरी हस्ताक्षरात असतो आणि ते हस्ताक्षर ओळखीचं असतं.

घुमटाचं, म्हणजे गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याचं, मात्र नीट सांगायला हवं. चतुर्थीच्या आधीच्या बुधवारी काय करायचं यावर वाळपई मार्गाच्या मुलांनी घुमट आरती सुचवली. आजवर वर्गात तोंड न उघडणारी ही मुलं. पण गावात घुमट, शामेळ आणि कांसाळं यांच्यावर त्यांचा हात बसलेला. सगळ्यांना कल्पना आवडली. मग एका मुस्लिम मुलीने शांतपणे सांगितलं, की ती येईल, ऐकेल, पण मंडळाच्या कार्यक्रमात आरती असेल तर तिला तो आपला वाटणार नाही. खोलीत सन्नाटा पसरला. एक मुलगा म्हणाला, "आरतीविना घुमट म्हणजे काय?" हा प्रश्नही खोटा नव्हता. त्याच्यासाठी ते वाद्य आणि ती भक्ती वेगळी नव्हती.

मी काही ठरवून दिलं नाही, आणि आज मला वाटतं तेच बरं झालं. बोरीपलीकडून येणाऱ्या एका ख्रिस्ती मुलाने सांगितलं, की त्याचे आजोबा मांड्याला, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या कोकणी गीतप्रकाराला, घुमट वाजवायचे, व्हायोलिनच्या साथीने. हे आमच्या हिंदू मुलांपैकी बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, त्यामागे हेही कारण असावं, की ते देवळाच्या मांडवात आहे आणि मांड्याच्या बैठकीतही आहे. मुलांनी ठरवलं: मंडळाच्या तासाला फक्त घुमटाचं वादन, त्यातले वेगवेगळे ठेके, मांड्याचाही आणि आरतीचाही. आरती हवी असेल त्यांनी ती आपल्या गावी, आपल्या मांडवात करावी, आणि कॉलेजातल्या सगळ्यांना तिथे बोलवावं. त्या बुधवारी कोठीबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. काही जण नाराज राहिले. एक-दोघं अजूनही आहेत, आणि त्यांची नाराजी मी चुकीची मानत नाही. पण त्या चतुर्थीला फोंड्याची मुलं पहिल्यांदा सत्तरीतल्या घरांत जाऊन पातोळ्या खाऊन आली, आणि त्यांत ती मुलगीही होती.

बदल किती झाला हे आकड्यात मांडायला माझ्याकडे भरवशाचं मोजमाप नाही, आणि नसताना मांडणार नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात विद्यार्थ्यांच्या सहभागाचा पुरावा म्हणून बॅनरसह फोटो लागतात. बसमधल्या बैठकीला बॅनर नसतो. डोळ्यांना जे दिसलं ते एवढं: निवडणुकीआधीच्या आठवड्यांत मार्गांच्या बैठका होऊ लागल्यापासून पहिल्या वर्षाची मुलं उमेदवारांना प्रश्न विचारतात. मंडळाचा हिशेब कोठीच्या दारावर लागतो आणि त्याच्यासमोर वाद होतात. इव्हेंटवाल्याला गेल्या स्नेहसंमेलनात फक्त ध्वनियंत्रणेचं काम दिलं, बाकी मांडव मुलांनी उभा केला, वाकडा का होईना. संमेलन सकाळी दहाला सुरू झालं आणि एकला संपलं. आयएसएच्या आठवड्यात बुधवारचा तास मात्र ओस असतो. मुलं ग्रंथालयात बसतात आणि त्यांना अडवणं मला पटत नाही. बाहेरून पॅनलना मिळणारं पाठबळही थांबलेलं नाही. मार्ग प्रतिनिधींवर डोळा ठेवून कोणी तरी गावात गाडी पाठवायचा प्रस्ताव ठेवल्याचं आम्हाला एका मुलीनेच येऊन सांगितलं. तिने आपल्या मार्गाच्या बैठकीत तो उघड मांडला आणि बैठकीने नाकारला. पुढच्या वेळी नाकारला जाईलच याची खात्री मी देऊ शकत नाही.

नव्या अभ्यासक्रमातला चौथ्या वर्षाचा पर्याय स्वीकारून थांबणाऱ्या मुलांना या रचनेत काय जागा द्यायची, हे सध्याच्या मंडळापुढचं काम आहे. त्यांना पद नको, पण हस्तांतराची वही त्यांच्याकडे असावी असं मुलांच्या मनात आहे. ही वही आम्ही तुटलेल्या साखळीसाठी सुरू केली. प्रत्येक मार्गाने वर्षाच्या शेवटी पुढच्यांसाठी कामाच्या गोष्टी लिहून ठेवायच्या, एवढाच तिचा नियम. मोले मार्गाची गेल्या वर्षीची नोंद अशी: "बुधवारी तास लांबला तर दीडच्या गाडीचे ड्रायव्हर काका दोन मिनिटं थांबतात, पण आधी फाटकावरून हात करायला एकाने धावत जावं. मांडवाच्या दोऱ्या कोठीत डाव्या कपाटात. चतुर्थीनंतर काकांना नेवऱ्या द्यायच्या, विसरू नका."